साडेआठपासून साडेआठपर्यंत

बाहेर धो धो पाऊस कोसळतोय, कचेरीच्या पत्र्यांवर इतका आवाज होतोय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि अशा वेळी कोणी विचारावं, "आप्पा, किती झाला असेल हो?" तर इंचआप्पा खिडकीकडे मानसुद्धा वळवत नसत. "सकाय दखू," म्हणजे उद्या बघू, एवढं म्हणून पुन्हा टपालाच्या कागदांत डोकं घालत. पाऊस ही उद्या बघायची वस्तू आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

आप्पा मूळचे लोणखेड्याचे. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक कारकून. पण सगळा तालुका त्यांना ओळखायचा तो अंगणातल्या पर्जन्यमापकामुळे. तेव्हा पाऊस इंचांत मोजत, म्हणून इंचआप्पा. तारेच्या कुंपणात ते यंत्र होतं. यंत्र म्हणजे काय, वर एक नरसाळं आणि आत एक बाटली. रोज सकाळी बरोबर साडेआठला आप्पा धोतर आवरून, टोपी काढून खिशात घालून आत शिरत. बाटलीतलं पाणी मापाच्या काचेत ओतत, चिखलात गुडघे टेकत आणि डोळा पाण्याच्या रेषेशी आणून आकडा वाचत. रविवार नाही, दिवाळी नाही. मुलीच्या लग्नाच्या सकाळीही मुंडावळ्या बांधायचं सोडून आले होते, असं शिपाई शपथेवर सांगायचा.

एकदा चैत्राच्या उन्हात एका टवाळ कारकुनाने त्या नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतून ठेवलं. सकाळी सगळे खिडकीत जमले. आप्पांनी बाटली पाहिली, भोवतालची तापलेली कोरडी माती पाहिली, आणि वहीत आकड्याच्या जागी शून्य घालून शेऱ्यात लिहिलं, "बाटलीत पाणी होते. पावसाचे नव्हते." चिडले नाहीत, साहेबांकडे गेले नाहीत. तो कारकूनच बिचारा आठवडाभर त्यांची नजर चुकवत फिरला.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. कोणी म्हणालं, दोन दिवस ताप होता, की आप्पा लगेच, "कव्हयपासून कव्हयलगून?" केव्हापासून केव्हापर्यंत, हे कळल्याशिवाय त्यांना 'दिवस' हा शब्द पचतच नसे. आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करून हसायचो. सर्वांत जास्त मीच हसायचो. त्याच प्रश्नाने पुढे माझी नोकरी वाचवली.

मी तेव्हा नवा तलाठी होतो, कोरीटच्या बाजूला. नोकरी अजून कच्ची. एका सोमवारी दुपारी ढगफुटी व्हावी तसा पाऊस झाला, नाला फुगून गावात शिरला, नऊ घरांच्या भिंती बसल्या. संध्याकाळपर्यंत कंबरभर चिखलात फिरून मी पंचनामा केला, पंचांचे अंगठे घेतले आणि कागद तालुक्याला धाडले. साहेब तो आठवडाभर जिल्ह्याला होते; परतल्यावर त्यांचं बोलावणं आलं. त्यांच्यापुढे पावसाची वही उघडी होती. सोमवारी पाऊस शून्य. मंगळवारी साडेचार इंच.

"तुमच्या गावात पाऊस पडायच्या आधीच पूर येतो वाटतं?" साहेब म्हणाले. "घरी बसून पंचनामा लिहिलात, आणि वारही धड लावता आला नाही." तीन दिवसांत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा, असा लेखी हुकूम हातात पडला. मंगळवारी तर लख्ख ऊन होतं! लोकांनी ओली धान्यं वाळत घातलेली मी या डोळ्यांनी पाहिली होती.

मी तडक आप्पांच्या टेबलाशी गेलो आणि वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये ते बोललो. "तुम्ही चुकीचा वार लिहिलात, आप्पा! तुमच्या वहीपायी माझी नोकरी चालली."

आप्पांनी चष्मा काढला. "बैस भाऊ. तुन्हा गावमा पानी पडना, तो कव्हयपासून कव्हयलगून?"

"सोमवारी दुपारी दोनपासून चारपर्यंत."

"मंग बराबर शे," ते म्हणाले. "मी बी बराबर, तू बी बराबर."

मला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांनी बोटांवर समजावलं. सोमवारी सकाळी साडेआठला बाटली पाहिली, ती कोरडी, म्हणून सोमवारी शून्य. दुपारचा पाऊस बाटलीत रात्रभर बसून राहिला. तो मोजला मंगळवारी साडेआठला, आणि ज्या दिवशी मोजला त्या दिवसापुढे लिहिला. माझा दिवस मध्यरात्री सुरू होत होता आणि त्यांचा साडेआठला.

"हे तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं?"

"माले कोन्ही इचारंच नही."

पण नुसतं सांगून साहेब ऐकणारे नव्हते. आप्पा मला दफ्तरखान्यात घेऊन गेले आणि मागच्या पावसाळ्यांचे पंचनामे एकेक करून वहीशी ताडून पाहिले. दुपारच्या, संध्याकाळच्या प्रत्येक पुराचा पाऊस वहीत दुसऱ्या दिवशी सापडला. एकाच पुराचा वार तंतोतंत जुळला. तो पूर पहाटेचा होता, साडेआठच्या आधीचा. तो कागद हातात आल्यावर आप्पांचा चेहरा असा खुलला की मला माझीच शरम वाटली.

साहेबांनी सगळे कागद दोनदा पाहिले. मग माझा हुकूम फाडला आणि नऊ घरांच्या मदतीवर सही केली. बाहेर येऊन मी समोरच्या हॉटेलात तीन बश्या भजी खाल्ली. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. आप्पांनी फक्त चहा घेतला आणि परत जाऊन वहीच्या प्रत्येक पानावर ठळक लिहून ठेवलं, "काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंत."

पुढे मी सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी झालो. दोन कागद एकमेकांशी जुळेनात की कोणाला खोटं ठरवण्याआधी तोंडातून आपोआप तोच प्रश्न यायचा. आता माझे कारकून माझी नक्कल करत असतील.

आप्पा निवृत्त झाले ते भर पावसाळ्यात. निरोपाचा हार गळ्यात पडला आणि बाहेर पाऊस कोसळायला लागला. कोणीतरी म्हणालं, "आप्पा, जाता जाता मोठा आकडा घेऊन चाललात!"

आप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. "हाऊ पानी मन्हा नही," ते म्हणाले. "हाऊ सकायना शे." उद्याचा, म्हणजे उद्या मोजणाऱ्या नव्या माणसाचा.

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेलो. साडेआठला नवा कारकून बाटली काढत होता, आणि तारेच्या कुंपणाबाहेर आप्पा उभे होते, टोपी काढून खिशात घातलेली. कारकुनाने काच डोळ्यांसमोर धरली. "शहात्तर मिलिमीटर."

"तीन इंच," आप्पा पुटपुटले. मग दरडावून विचारलं, "कव्हयपासून?"

"कालच्या साडेआठपासून, आप्पा."

आप्पांनी खिशातली टोपी काढली, नीट डोक्यावर ठेवली आणि घरी गेले.