तिसऱ्या महिन्यापर्यंत न पोचलेली गोळी

माझ्या केसपेपरवर अझाथायोप्रिन या गोळीपुढे डॉक्टरांनी दोन शब्द लिहिले आहेत : गुण नाही. ते खरं नाही. गोळी मध्येमध्ये बंद होती, हे मला, आईला, बाबांना आणि सणसरच्या आत्याला माहीत आहे. त्यानं नक्की काय बिघडलं, ते फक्त मला कळतं, कारण गोळ्यांच्या खोक्यातला इंग्रजी कागद घरात एकटी मीच वाचत होते.

त्या वर्षी मी बारामतीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही इंदापुरात राहायचो. बाबा लोणी देवकरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मी रोज एसटीनं जायचे. उसाचा हंगाम सुरू झाला की गाडी ट्रॉल्यांच्या मागे रखडायची आणि जळक्या पाचटाची काजळी खिडकीतून येऊन मानेवर बसायची. मानेवर, कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे आणि मनगटांवर माझी कातडी सोललेली असायची. भर मे महिन्यातही मी पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालायचे. शेजारी बसलेल्या बाईची नजर मनगटावर गेली की ती पदर आवरून घ्यायची. नायटा असेल, चिकटेल, असं तिला वाटत असणार. मी कधी सांगितलं नाही की हा नायटा नव्हे, इसब आहे आणि चिकटत नाही. मला अनोळखी माणसांशी बोलता यायचं नाही. ओळखीच्यांशीही फारसं नाहीच.

बारामतीत पुण्याहून आठवड्यातून एक दिवस कातडीचे डॉक्टर यायचे. मलमं लावता लावता सात-आठ वर्षं झाली होती. त्यांनी माझी कोपरं पाहिली, पापण्या पाहिल्या आणि म्हणाले, "आता नुसत्या मलमानं भागायचं नाही. पोटातून औषध द्यावं लागेल."

बाबांनी विचारलं, "त्यातलं चांगलं कुठलं, डॉक्टरसाहेब?"

"चांगलं असं एक नसतं. प्रेडनिसोलोन चार दिवसांत आग विझवतं. पण त्याची सवय लावून घ्यायची नाही. हाडं, साखर, सगळ्यावर येतं. आणि एकदम सोडलं की दुप्पट उलटतं. अझाथायोप्रिन उशिरा लागू पडतं. तीन महिने धरा. रक्त तपासत राहावं लागेल. मेथोट्रेक्सेट आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचं." मग माझ्याकडे बघून ते बाबांना म्हणाले, "पण हिचं लग्न व्हायचंय. पुढं मूलबाळ. ते मी देत नाही."

"आणि सगळ्यात भारी?" बाबांनी विचारलं.

"सायक्लोस्पोरिन. किडनी बदललेल्यांना देतात ते. त्याला पुण्याला यावं लागेल. आणि किडनीलाच जपावं लागेल."

मी गाडीत बसून अकाउंट्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार रकाने आखले. लवकर, उशिरा, काय देतं, काय घेतं. तिसरा रकाना चारही औषधांच्या बाबतीत सारखाच भरला गेला. चौथ्यात जागा पुरली नाही.

डॉक्टरांनी अझाथायोप्रिन सुरू केलं आणि ते लागू पडेपर्यंत आधाराला थोडं प्रेडनिसोलोन दिलं, ते कमी करत करत बंद करायचं. पाचव्या दिवशी माझी मान स्वच्छ झाली. आई सारखी माझ्या मानेवरून हात फिरवत होती. मीही फिरवत होते. कातडी अशी गप्प असू शकते, हे मला माहीतच नव्हतं.

नेमके त्याच आठवड्यात मला बघायला करमाळ्याकडचे पाहुणे आले. जमलं नाही, मुलाला नोकरीवाली हवी होती. पण त्या गोळीनं मान कशी साफ झाली, ते आत्यानं नीट पाहून ठेवलं.

ही आत्या बाबांची धाकटी बहीण. माझी स्थळं तीच आणायची. आमच्या घरात अंगारा, उतारा, देवऋषी असलं काही चालत नसे. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच ते सुटलं होतं आणि बाबा ते मान ताठ करून सांगायचे. आत्या कुणाकडून पुडी घेऊन आलीच तर बाबा ती न उघडता परत द्यायचे. "डॉक्टरनं लिहिलंय ते घ्यायचं. आपल्यात दुसरं काही नाही." पण औषध गरम असतं, दोन गरम औषधं पोटात एकत्र गेली की बाधतात, हे मात्र कुणी सोडलेलं नव्हतं. ते धर्मात मोडत नसावं.

दीड महिना झाला. प्रेडनिसोलोन ठरल्याप्रमाणे बंद झालं होतं आणि अझाथायोप्रिन अजून लागू पडलं नव्हतं. माझी मनगटं पुन्हा फुटली. तेवढ्यात आत्या दुसरं स्थळ घेऊन आली.

"दादा, पाव्हणं पुढच्या ऐतवारी येत्यात. पोरीला ती आधीची गोळी द्या की."

"ती बंद केलीय डॉक्टरनं."

"मग ही नवी काय कामाची हाय? दीड म्हैना झाला, हात बघा तिचं. आन् मी कुठं पुडी द्या म्हणती? डॉक्टरचीच गोळी हाय न्हवं?"

बाबांनी केसपेपरची पिशवी काढली. जुनी चिठ्ठी होती. दुकानात त्या चिठ्ठीवर गोळ्या मिळाल्या.

"दोन्ही नको द्यायला," आई म्हणाली. "उष्णता होईल तिला."

"आठ दिस ही बंद ठिवा, ती द्या," आत्या म्हणाली. "पाव्हणं गेलं की परत चालू."

मी तिथंच बसून शेंगा सोलत होते. कागदात काय लिहिलंय ते मला पाठ होतं. मी आईला आत नेऊन सांगितलं की तीन महिने म्हणजे सलग तीन महिने, मध्ये सोडलं तर ते मोजायचे नाहीत. आई म्हणाली, "आठ दिवसांनी काय होतंय?" मी परत शेंगांपाशी येऊन बसले. पूर्ण खरं सांगायचं तर मलाही ती मान हवी होती. आठ दिवस का होईना.

असं एकूण तीनदा झालं. पाहुणे ठरले की अझाथायोप्रिन बंद, प्रेडनिसोलोन चालू. पाहुणे गेले की प्रेडनिसोलोन एकदम बंद, दोन-चार दिवस पोटाला विसावा, मग पुन्हा अझाथायोप्रिन. प्रत्येक वेळी उलटायचं ते आधीपेक्षा जास्त. प्रत्येक वेळी दिवस पहिल्यापासून मोजायचे. मी वहीत मोजत होते. सगळ्यात लांब पल्ला सहा आठवड्यांचा झाला.

तिसऱ्यांदा गोळी बदलली ती भिगवणच्या स्थळासाठी. या खेपेला आत्यानं आठऐवजी वीस दिवस आधीपासून गोळ्या द्यायला लावल्या. मला इतकी भूक लागायची की मी चार-चार भाकरी खायचे. गाल फुगले. मुलाच्या आईनं माझा हात हातात घेतला, उलटा करून बघितला आणि म्हणाली, "अंगानं चांगली हाय की. तोंड कसं भरलंय."

"खाऊनपिऊन सुखी हाय वो आमची," आत्या म्हणाली. "जरा बोलत न्हाय, येवढंच."

"न बोलणारीच बरी. आमच्यात बोलणाऱ्या चिक्कार हायत."

सगळे हसले. मीही हसले. त्यांना जो चेहरा आवडला होता तो कसा तयार होतो, ते माझ्या वहीत चौथ्या रकान्यात लिहिलेलं होतं.

त्यांनी होकार कळवला आणि गोळ्या बंद झाल्या. पंधरा दिवसांनी मुलाची बहीण बांगड्यांचं माप घ्यायला आली. तिनं मापाची बांगडी माझ्या हातावर चढवली आणि ती मनगटावर अडकली. तिथली कातडी ओली होती.  तिनं हळूच बांगडी काढली, रुमालानं पुसली, रुमालातच गुंडाळून पर्समध्ये ठेवली. चहा मात्र तिनं घेतला. आठवड्याभरानं निरोप आला की मुलाचं यंदा करायचं नाही.

"दिष्ट लागली पोरीला," आत्या म्हणाली.

"ते बोलू नको माझ्या घरात," बाबा म्हणाले. 

आम्ही पुन्हा बारामतीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझा चेहरा बघितला. "चेहरा सुजल्यासारखा वाटतोय. दुसरीकडून काही घेतेस का?"

"नाही," मी म्हणाले. बाबा शेजारी होते.

"अझाथायोप्रिनला किती महिने झाले?"

"आठवा चालू आहे," बाबा म्हणाले. बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी पहिली गोळी घेतली त्याला आठवा महिना चालू होता. मधले दिवस त्यांना सुट्टीसारखे वाटत होते.

"नियमित?"

"एकदम नियमित."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर बाबांना त्यांच्यासमोर, जुनी चिठ्ठी, आत्या, पाहुणे, सगळं ऐकावं लागलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर पुडी परत केली, त्याला. मी मान डोलावली.

"मग एवढ्यात गुण यायलाच हवा होता," असं म्हणून डॉक्टरांनी ते दोन शब्द लिहिले आणि पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याला सायक्लोस्पोरिन सुरू झालं. मोठ्या कॅप्सूल, पाकीट फोडलं की विचित्र वास यायचा. तिसऱ्या आठवड्यात मी आखूड बाह्यांचा ड्रेस घालून कॉलेजला गेले. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुला कोपरं आहेत." हसले मी, पण बाहीत झाकल्यासारखा हात मागेच घेतला, सवयीनं. निकाल लागला, उन्हाळा गेला, आणि एका तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. पुढच्या तपासणीत किडनीचा आकडाही वाढला. डोस कमी केला, तरी आकडा उतरेना. कॅप्सूल बंद करावी लागली. महिन्याभरात सगळं पूर्वीच्या जागी परत आलं. मान, कोपरं, पापण्या, कुठलीच जागा विसरलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरीण बाईंनी माझी फाईल समोर ओढली. त्या पानं मागं मागं उलटत गेल्या. बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. वर्षभरात त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते.

"अझाथायोप्रिन झालेलं दिसतंय," बाई म्हणाल्या. "नाहीतर आता मी तेच दिलं असतं. आठ महिने घेतलं होतंस ना?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मधल्या सुट्ट्यांनी काय केलं ते त्यांना तोवर समजलं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

"हो," मी म्हणाले.

बाईंनी पान उलटलं. मग मलमाची नवी चिठ्ठी लिहून दिली. परतीच्या गाडीत बाबांनी मला खिडकीची जागा दिली. हंगाम सुरू झाला होता. भिगवणच्या पुढे काजळी आत यायला लागली तेव्हा ते उठले आणि माझ्या अंगावरून हात लांबवून काच ओढू लागले. ती अर्ध्यावर अडकली. इंदापूर येईपर्यंत ते तसेच उभे राहून ती ओढत होते.