शकूच्या पायांवरच्या पट्ट्या

आधीच सांगतो, आम्ही बौद्ध घरातली माणसं. नवस, अंगारा, भूतबाधा असलं काही आमच्याकडे कधी चाललं नाही. कुणी सांगायला लागलं तर मी तोंडावर उडवून लावायचो. तरीही हे लिहितोय... कारण यात माझी एक चूक आहे, तीही सांगून टाकायची आहे.

मी मूळचा नागपूरचा, नोकरी लखनौच्या सरकारी ऑफिसात. १९७६ साली आम्ही तेलीबागला राहायचो. माझी बायको शकुंतला — शकू — हिने अमीनाबादच्या फुटपाथवरून रद्दीतलं एक परदेशी मासिक आणलं. त्यात मेक्सिकोच्या जंगलातल्या, माया लोकांच्या जुन्या मंदिरांचे फोटो होते. झालं, खूळच लागलं तिला. वहीत पक्का बेत लिहिला — चार दिवस मंदिरं, तीन दिवस जंगलात माकडं नि रंगीत पक्षी, मग पाच दिवस नुसता समुद्र. तिने समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

"अहो, एवढी रजा मिळेल का?" ती विचारायची.

"साठवतोय ना," मी म्हणायचो.

आणि खरंच साठवत होतो. ताप असला तरी ऑफिसला जायचो. आमचे साहेब चिडवायचे, "अरे भाई, छुट्टी का अचार डालोगे क्या?"

१९८१च्या डिसेंबरात शकूचं लिव्हर बिघडलं. दीड महिना ती वॉर्डात पडून होती, पाय खाली ठेवायचीही ताकद नव्हती. आमची मुलगी वंदना दिवसभर तिच्यापाशी बसायची, मी ऑफिस सुटल्यावर सहाला जायचो. रजा टाकली नाही. ही बरी झाली की जायचंय, तेव्हा रजा कुठून आणणार — असलं माझं शहाणपण.

शेवटच्या संध्याकाळी ती चांगली बोलत होती. म्हणाली, "मी जाऊन आले."

"कुठे गं?"

"तिथेच. पायऱ्या फार उंच आहेत हो. उतरताना सगळे एकमेकांचा हात धरत होते. मी आपली बसत बसत उतरले. आणि समुद्रावर ऊन केवढं..."

मी हसून म्हटलं, "मला सोडून गेलीस होय?"

"वाट पाहिली की तुमची. तुम्ही ऑफिसात होता."

पहाटे ती गेली. घरी आणल्यावर तिला आंघोळ घालताना वंदनाने मला आत बोलावलं. "पापा, मम्मी के पैर देखिए."

दोन्ही पाय घोट्यापर्यंत उन्हाने रापलेले. आणि त्यावर चपलेच्या पट्ट्यांच्या गोऱ्या खुणा, अगदी स्पष्ट. बाहेर आठवडाभर धुकं होतं, लखनौत सूर्य दिसला नव्हता. तिच्या चपला तर दीड महिना घरीच, पलंगाखाली होत्या.

नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "लिवर की बीमारी में रंग बदल जाता है." पट्ट्यांचं विचारल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मलाही आजवर उलगडा झालेला नाही. वंदना म्हणते, "अच्छा है ना पापा, मम्मी घूम आईं." मीही तसंच मानायला बघतो. पण मानलं की त्या पायऱ्या डोळ्यांपुढे येतात... सगळे एकमेकांचा हात धरून उतरताहेत, आणि माझी शकू एकटीच बसत बसत खाली येतेय.