घरी मराठीच बोलतात

चन्नवीर बिराजदार १९७४ साली डॉक्टरकीची परीक्षा पास झाला आणि सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका धर्मादाय दवाखान्यात उमेदवारीला लागला. त्याचं गाव अक्कलकोटच्या पलीकडचं. वडिलांची अडत होती आणि घरात बोलणं सगळं कानडी. वसतिगृहातल्या पहिल्या वर्षी पोरांनी त्याच्या मराठीच्या नकला करून त्याला रडकुंडीला आणलं होतं. तेव्हापासून त्यानं आपली भाषा इतकी घासूनपुसून घेतली, की शेवटच्या वर्षी नवी पोरं त्याला पुण्याचा समजायची. लिंगायत घरात लहानपणीच गळ्यात घातलेलं इष्टलिंगही त्याच काळात उतरलं. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. नळावर अंघोळ करताना इतरांच्या नजरा नकोशा वाटायच्या, म्हणून त्यानं एकदा ते काढून ट्रंकेत ठेवलं. सुट्टीत गावी जाताना तेवढं गळ्यात घालायचं.

दिवाळीनंतर गुरुबसप्पा नावाचा एक शेतकरी आपल्या चुलतीला घेऊन दवाखान्यात आला. तिचं नाव चंद्रव्वा. सत्तरीची, विधवा, मूलबाळ नाही. पोटातली गाठ काळजापर्यंत पसरली होती. मोठे डॉक्टर उपाध्ये तिला तपासून बाहेर आले आणि म्हणाले, "करण्यासारखं काही राहिलेलं नाही. तिला त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आता आपलं काम. बिराजदार, ही बाई तुझ्याकडे."

छातीचा फोटो काढायचा होता. चंद्रव्वाच्या गळ्यात लिंगाची चांदीची डबी होती, ती काढल्याशिवाय फोटो निघणार नव्हता. ती दोन्ही हातांनी डबी धरून बसली. कानडीत म्हणाली, "लग्नाआधीपासून अंगावेगळं केलेलं नाही. कुणाच्या हातात देऊ?" चन्नवीरला शब्द न् शब्द कळला. फोटो काढणारा दारात खोळंबला होता. चन्नवीर मराठीत म्हणाला, "आजी, द्या इकडे. लगेच परत देतो." तिनं त्याच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि डबी त्याच्या ओंजळीत ठेवली.

त्यानं ती ॲप्रनच्या खिशात टाकली. तेवढ्यात अपघाताची केस आली आणि तो तिकडे पळाला. संध्याकाळी खोलीवर ॲप्रन काढताना डबी हाताला लागली. सकाळी देऊ म्हणून त्यानं ती ट्रंकेत ठेवली, स्वतःच्या इष्टलिंगाशेजारी. सकाळी त्याची नेमणूक ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. मग एक दिवस गेला, दुसरा गेला. जसजसा उशीर होत गेला तसतसं देणं अवघड होत गेलं. पेशंटची चांदीची वस्तू खोलीवर कशी गेली, असं कुणी विचारलं तर काय सांगणार होता तो?

इकडे चंद्रव्वानं खाणं सोडलं. पाणीही तोंडात धरायची आणि बाहेर टाकायची. गुरुबसप्पा फोटो काढला त्याच दुपारी शेताकडं बघून येतो म्हणून गावी गेला होता. वॉर्डात कानडी समजणारी एक आया होती, ती रजेवर होती. सिस्टरांनी दूध दिलं, पेज दिली, समजावून सांगितलं. चंद्रव्वा तोंड फिरवायची.

चन्नवीर वॉर्डात परत आला तेव्हा डॉक्टर उपाध्ये तिच्या खाटेशी उभे होते. ती क्षीण आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती, "नन्न देवरु एल्लि? नन्न देवरु एल्लि?"

"देवाचं नाव घेतेय," सिस्टर म्हणाल्या.

माझा देव कुठाय, असं ती विचारत होती. डावा तळहात छातीसमोर उघडा धरून ती त्या रिकाम्या हाताकडे बघत होती. लिंगपूजेला असाच हात धरतात. पूजा झाल्याशिवाय ती अन्नाला शिवणार नव्हती. चन्नवीरची आईही शिवत नसे.

उपाध्ये वळले. "बिराजदार, तू अक्कलकोटकडचा ना? तुला कानडी येते का?"

"नाही सर. घरी मराठीच बोलतात."

"मग नाकातून नळी घालू. उपाशी तर ठेवता येणार नाही."

नळी घालताना तिचे हात धरायचं काम चन्नवीरकडे आलं. हात काटकीसारखे होते, पण ती सगळा जीव एकवटून ओढत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं. तो खिडकीकडे बघत राहिला. नळी गेली, पट्टी चिकटवली, दूध सोडलं. सिस्टर म्हणाल्या, "चांगलं झालं."

तो खोलीवर गेला आणि ट्रंकेपुढे बसून राहिला. दुपारी वॉर्ड पेंगत होता तेव्हा डबी घेऊन तिच्यापाशी आला. आधी नळी काढली. मग डबी तिच्या हातात दिली आणि कितीतरी वर्षांनी सोलापुरात तोंडातून कानडी काढली, "अव्वा, चूक झाली."

तिनं पूजेला पाणी मागितलं. त्यानं तिचं मनगट खालून आधार देऊन धरलं आणि तिनं पडल्या पडल्या पूजा केली. मग दोन चमचे दूध घेतलं. तोंड पुसताना तिचा हात त्याच्या शर्टाच्या गळ्याशी गेला.

"तुझं कुठाय?"

"ट्रंकेत."

"रोज पूजा करतोस का, असं आई विचारत नाही?"

"विचारते."

"मग काय सांगतोस?"

त्यानं दुधाचा चमचा पुन्हा पुढे केला. नळी का काढली म्हणून संध्याकाळी उपाध्ये चिडले, तेव्हा तो "तोंडानं घेतेय सर" एवढंच म्हणाला. कानडीचं तेव्हाही सांगितलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी ती गेली. गुरुबसप्पा टेम्पो घेऊन आला. चन्नवीर रजा टाकून सोबत निघाला. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर त्यानं गुरुबसप्पाला सगळं सांगून टाकलं. ट्रंक, खोटं बोलणं, नळी, काहीच मागे ठेवलं नाही. गुरुबसप्पा चुलतीच्या अंगावरची चादर वाऱ्यानं उडू नये म्हणून धरून बसला होता.

"मी जायाला तयार नव्हतो," तो म्हणाला. "तिनंच घालवलं मला. म्हणाली, तो डाक्टर बिराजदारांचा हाय, आपल्यातला हाय. मी काय बोलते ते त्याला सगळं कळतंय, तोंडावरनं दिसतंय. तू जा, बिनघोर ऱ्हा."

चन्नवीरनं मान खाली घातली. चादरीचं दुसरं टोक हातात धरलं.

गावात अंत्यविधीला जंगम पुरोहित आले. चंद्रव्वाला खड्ड्यात बसवून डाव्या हातात लिंग दिलं आणि माती लोटली. चन्नवीरनंही मूठभर माती टाकली. परत आल्यावर शेजारच्या घरातून भाकरी आणि पिठलं आलं. तो निघायला लागला तर गुरुबसप्पाच्या बायकोनं, महानंदानं, वाट अडवली. "असं कसं? चुलतीसाठी एवढ्या लांब आलासा, जेवून जावा."

त्यानं गुरुबसप्पाकडे पाहिलं. त्यानं घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"बसा की," गुरुबसप्पा म्हणाला, पण त्याच्याकडे न बघता.

डॉक्टर म्हणून पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं. महानंदा भाकरी वाढत राहिली आणि तो मान खाली घालून खात राहिला.