थंडीतलं आमिष

पूर्णगडच्या थांब्यावर मुंबईची एसटी दुपारी चारला यायची. त्या दिवशी एसटी वेळेवर आली आणि आबा उशिरा आले. खाडीवरून तसेच, ओल्या चड्डीने, दंडाला खवले चिकटलेले. माझे वडील लहान होडीतून एकटे जायचे आणि गळाने मासे धरायचे, त्यामुळे त्यांच्या बोटांना कायम आमिषाचा वास असायचा. तारलीचा, माकूलाचा, कोलंबीचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो आणि आता मी मुंबईला नर्सिंग शिकायला निघाले होते. सकाळीच शॅम्पू लावून न्हायले होते. आबांनी डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि मी मान मागे घेतली. त्यांनी तो हात चड्डीला पुसला आणि दुसऱ्या हातातली कापडी पिशवी पुढे केली.

"सोडे हायत गो बाय. मीच सोलून वाळवलेत. भातात टाकून खा."

सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोलंबी. आमच्याकडे पाहुण्याला देण्यासारखी त्याहून मोठी वस्तू नाही. मला मात्र त्या पिशवीचा वास गाडीभर पसरलाय असं वाटत होतं. पावसच्या थांब्यावर एक बाई चढली आणि शेजारी येऊन बसली. तिने पदर नाकाशी नेला की नुसता घाम पुसला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुंबईला उतरताना मी बॅग घेतली, वळकटी घेतली आणि पिशवी वरच्या फळीवर मुद्दाम ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी फोन करून आबांना सांगितलं, "सोडे मस्त होते आबा. मुलींनी दोन दिवसांत फस्त केले."  आबा म्हणाले, "बरं झालं."

तुम्ही जे गावात राहिलात ते म्हणाल, दर्यावर जगणाऱ्या घरची पोर आणि हिला वासाची किळस? होती. भयंकर होती. शाळेत बाकावर मुली सरकून बसायच्या. मी लिंबाच्या सालीने कोपरापर्यंत हात घासून जायचे, तरी सरकायच्या. वासापेक्षाही मला शिसारी यायची ती आबांच्या एका सवयीची. मार्गशीर्ष-पौषात सकाळी बोटं गारठली की ते गळाला लावायची कोलंबी दातांनी सोलायचे. डोकं तोडून थू करून पाण्यात टाकायचे, आणि उरलेल्यातला कण चावून चव बघायचे. मी तोंड फिरवलं की म्हणायचे, "जे आपल्या तोंडात घालवत नाय, ते माशाच्या तोंडात घालू नये." आणि मग त्याच तोंडाने थर्मासातला चहा प्यायचे. शेवटचा घोट माझ्यापुढे करायचे. मी तो कधीच घेतला नाही.

रविवारी मला होडीत बसवून न्यायचे, तेव्हा कानावर पडलेलं मात्र जाता जात नाही. थंडीत पाणी निवळतं आणि मासा सुस्तावतो, तळाशी बसून राहतो, खाण्यासाठी लांब जात नाही. म्हणून आमिष लहान हवं, ताजं हवं आणि थेट त्याच्या नाकापुढे हवं. उधाणाच्या दिवसांत पाणी ओढतं, गळ ठरत नाही. भांगाच्या दिवसांत भरती-ओहोटीला जोर नसतो, तेव्हा जावं. सकाळी मतलई वाहते, म्हणजे जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा. तो होडी बाहेर नेतो. दुपारी वारा फिरतो, दर्याकडून येतो आणि होडी घरी आणून सोडतो. आबा म्हणायचे, नेणारा आणि आणणारा एकच असतो.

आता मी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहते. म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये नर्स आहे. बघा, मासळीच्या वासाला कंटाळून घर सोडलेली बाई रोज जखमा धुते, डायपर बदलते आणि नाक मुरडत नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना हे ठाऊक असेल. आपण ज्यापासून पळतो त्याच जातीचं काहीतरी पुढच्या स्टेशनावर आपली वाट बघत उभं असतं.

इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मी एकदा बांगडा तळला. दुसऱ्या दिवशी दाराला चिठ्ठी. अतिशय गोड भाषा. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवाल का, जिन्यात वास राहतो. खाली हसरा चेहरा काढलेला आणि सही, मोराग. खालच्या मजल्यावर राहणारी ही साठीची बाई, शाळेतून निवृत्त झालेली. मी शरमेने अर्धमेली झाले आणि त्यानंतर घरात मासा तळला नाही. पुढे जिन्यात येता-जाता ओळख वाढली आणि तिने एकदा चहाला बोलावलं. दूध काढायला तिने फ्रिज उघडला. लोण्याच्या शेजारी वर्तमानपत्राची पुरचुंडी होती, आणि ती हलत होती.

आत किडे होते. वाळूत बिळं करून राहणारे, बोटाएवढे जाड, काळपट. दाबले की पिवळा रस सुटतो आणि त्याचा डाग आठवडाभर बोटांवरून निघत नाही. मोराग कायाकमधून मासेमारी करते, प्लास्टिकच्या पिवळ्या होडक्यातून, भर थंडीतसुद्धा, आणि हे तिचं आमिष. आपला तो बाब्या म्हणतात ते हेच. माझ्या बांगड्याला चिठ्ठी आणि हिचे किडे लोण्याशेजारी! मला इतका संताप आला की चहाचा कप मी तसाच बाजूला सरकवला. पण तिने विचारलं, तुमच्याकडे कशाने धरतात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, माझे वडील गळाने धरतात, लहानपणापासून मी बघत आलेय. जी गोष्ट मी होस्टेलात चार वर्षं लपवली तिची मी आता फुशारकी मारत होते. ही दुसरी किळस, आणि ती स्वतःची.

मग तिने मला आमिषांची सगळी मांडणी दाखवली. गोठवलेल्या माकूलाचं, म्हणजे स्क्विडचं, पाकीट. रबराचे गुलाबी किडे, आणि त्यांच्यावर मारायचा बडीशेपेच्या वासाचा फवारा. माशाला बडीशेप! आपण जेवण झाल्यावर देतो, ही जेवायच्या आधीच देते. तीन किडे आणि वर माकूल असा मुठीएवढा गोळा ती लवचीक दोऱ्याने बांधते. वादळ होऊन पाणी गढूळ झालं की तसा गोळा लागतो, कारण मासा वासावर येतो, हे तिचं खरंच होतं. पण निवळ, गार पाण्यात कशाला? मी म्हटलं, एकच लहान तुकडा, ताजा. दिवस भांगाचा धर. तिने वहीत लिहून घेतलं. वासरात लंगडी गाय शहाणी.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही गेलो, ती तिच्या कायाकमधून आणि मी तिच्याच जुन्या दुसऱ्या कायाकमधून. भांग होतं, पाणी काचेसारखं निवळ, जमिनीवरून मंद वारा. मोरागने मोबाइल दाखवला, दुपारी वारा वाढणार असं त्यात होतं. मी त्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, जमिनीवरचा वारा दुपारी फिरतो, तोच आपल्याला परत आणेल. कोळून प्यायल्यासारखं बोलले. तिने माझ्यावर, म्हणजे खरं तर कधीही न बघितलेल्या आबांवर, विश्वास ठेवला.

किनाऱ्यापासून बरंच आत जाऊन थांबलो. अंगात पाणी न शिरणारा जाड सूट, पण आमिष लावायचं तर हातमोजे काढावे लागतात. दोन मिनिटांत बोटं लाकडाची झाली. आदल्या दिवशी मासळीच्या दुकानातून ताजं माकूल आणलं होतं, पण सुरी धरता येईना. मग मी ते सरळ दातांत धरलं आणि तोडलं. खारट, गार, चिवट. नकळत थोडं चावून चव बघितली, चांगलं होतं, तोंडातला चोथा थू करून पाण्यात टाकला आणि तुकडा गळाला लावला. मोराग माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर शिसारी होती. तो चेहरा मला चांगला माहीत होता, कारण होडीत आबांच्या समोर बसून मी तो वर्षानुवर्षं केला होता.

मासा लागला. दोन वीत लांबीचा कॉड. मोरागने माझा फोटो काढला, माशाला हळूच पाण्यात सोडलं आणि त्याला सॉरी म्हणाली. खायचंच नव्हतं तर त्या जिवाच्या तोंडात लोखंड कशाला घातलं, हे मला अजून कळलेलं नाही. आबांनी हे बघितलं असतं तर गळ गुंडाळून होडी परत फिरवली असती.

बारा वाजले, साडेबारा झाले. वारा फिरला नाही. उलट वाढला, आणि किनारा लहान होत चालला. वल्ही मारून मारून दंड भरून आले, तरी चर्चचा मनोरा तिथल्या तिथेच. मला ओकारी झाली. मोराग माझ्या पुढे राहून मला तिच्या आडोशाला घेत राहिली. किनाऱ्याला लागलो तेव्हा दोन वाजून गेले होते. वाळूवर तिने माझे हात स्वतःच्या काखेत धरून गरम केले. त्याच हातांना माकूलाचा वास होता.

घरी येऊन पहिला फोन आबांना केला. तिकडे संध्याकाळचे आठ वाजले होते. मी रडत सांगितलं, मतलई फिरलीच नाही.

"खुळी काय गो तू?" आबा ओरडले. "जमीन तापल्याबिगर वारा फिरतो काय? तकडं ऊन हाय काय?"

नव्हतं. मतलई मी घरून घेऊन आले होते, ऊन आणलं नव्हतं. थोडं शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "आमीष काय लावलंस?"

"माकूल. दातांनी तोडलं."

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि ते हसत असतानाच माझ्या तोंडून निघालं, "आबा, ते सोडे मी खाल्ले नव्हते. मुंबईला जाताना दिलेले. गाडीतच ठेवून दिले होते."

"ठावं हाय मला."

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"अगो, ठावं हाय. गाडी परत आली तवा कंडक्टरान पिशवी आणून दिलीन. म्हणला, पोरगी इसरली. मी ती खुंटीला लावली, आन तुजा फोन आला."

म्हणजे मी 'मुलींनी फस्त केले' असं सांगत होते तेव्हा पिशवी त्यांच्या डोळ्यांसमोर लटकत होती. इतकी वर्षं मी आबांच्या वासाला आणि इथे आल्यावर किड्यांना, चिठ्ठीला, फवाऱ्याला नाक मुरडत आले. त्या क्षणी मला माझ्याइतकं किळसवाणं काहीच वाटलं नाही.

"बोलला का नाहीत?"

"काय बोलू? नव्या जागी गेलेलीस."

"मग सोड्यांचं काय केलंत?"

"भिजवून गळाला लावले. आदी एक चाखून बगितला. बरे व्हते." मग म्हणाले, "कोलंबी आमिषाचीच व्हती ती. त्या थंडीत आठ दिस मी होडी काडली नाय, सगळी तुज्यासाठी वाळत घातली."

"मासा लागला?"

"लागला तर. तांबोशी. ही मोटी."

"खाल्लीत?"

"एकट्याला कशाला येवडी? शेजारी दिली."

त्या संध्याकाळी मी बांगडा आणला आणि तळला. खिडकी उघडली नाही. मोरागने दार वाजवलं तेव्हा मी भांडायच्या तयारीने उघडलं, तर ती रिकामं ताट घेऊन उभी होती. खाल्लं तिने, काट्यांशी धडपडत.

घर म्हणजे काय असं मला पूर्वी विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, ज्याचा वास अंगाला लागू नये म्हणून जपायचं ते. आता मला एक खुंटी दिसते. तिच्यावर माझं खोटं टांगलेलं होतं आणि घरातल्या एकमेव माणसाने ते कधी माझ्यापुढे धरलं नाही.

येत्या पौषात मी जाते आहे. आबांना फोनवर सांगितलं, थांब्यावर या, पण खाडीवरून तसेच या, हात धुऊ नका.

"आन तुजे केस धुतलेले असले तर?" त्यांनी विचारलं.