दोन दिवसांची रजा

मला कुणी भित्रा म्हटलेलं खपत नाही. नातवंडं पालीला पाहून किंचाळली की मी त्यांच्यावर खेकसतो, आणि सुना आपसात हसतात. पण खरं सांगायचं तर शिक्षणाची दोन वर्षं मी नुसत्या भीतीवर काढली. तेव्हा मी हिंगोलीला बोर्डिंगात राहून हायस्कूल शिकत होतो. राज्य निजामाचं, शाळा उर्दू, सुट्टी शुक्रवारची. गुरुवार उजाडला की शाळा सुटूच नये असं मला वाटायचं.

बोर्डिंग म्हणजे पत्र्याची एक लांबलचक खोली, अठरा पोरं आणि एक स्वयंपाकी. बोर्डिंगवर देखरेख करणारे मास्तर गुरुवारी शाळा सुटली की सायकलवर टांग टाकून आपल्या गावी जायचे ते शुक्रवारी दिवेलागणीला परत. त्या दिवसात आमचे मायबाप म्हणजे वरच्या वर्गातली चार पोरं. खोलीच्या मागं एका माळ्याचा बागाईत मळा होता आणि मळ्यात मोटेची विहीर. शाळा उघडल्यावर चार-सहा शुक्रवारांत सगळ्या नव्या पोरांना त्या विहिरीत 'सलामी' द्यावी लागे.

सलामीची रीत अशी. मोटेच्या जाड दोराचा फास पोराच्या काखेखालून घालायचा आणि त्याला भर दुपारी विहिरीत सोडायचं. पाणी छातीला लागलं की त्यानं खालून एकेका मोठ्या पोराला 'हुजूर, सलाम' म्हणून ओरडायचं. वरून उत्तर येई, 'ऐकू येईना.' दर वेळी ऐकू आलं नाही की दोर वीतभर सैल. पाणी हनुवटीला लागेपर्यंत कुणालाच ऐकू येत नसे.

मला सोडलं तेव्हा माझं धोतर सुटून पाण्यात गेलं. वर ते हसत होते, आणि खाली मी आईला हाक मारायची सोडून 'हुजूर, हुजूर' करत होतो. त्यानंतर कित्येक महिने तांब्यानं पाणी पिताना माझा श्वास कोंडायचा. अजूनही मी नदीत कमरेच्या पुढं जात नाही. कुणी विचारलं तर सर्दीचं सांगतो.

पण त्या रिवाजातली खरी गोम वेगळीच होती. दोर मोठी पोरं धरत नसत. मागच्या वर्षी ज्यांना सोडलं त्यांनी या वर्षी दोर धरायचा. मोठे नुसते धावेवर, म्हणजे मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, बसून चिंचा खात. म्हणजे तक्रार करायची तर कुणाची? ज्याच्या हाताला दोराचे वळ, तो कोणत्या तोंडानं जाणार? आमच्या आधी एकानं मास्तरांच्या कानावर घातलं होतं म्हणे. त्याचं अंथरूण विहिरीत गेलं, कंदील फुटला, आणि महिनाभर त्याच्या पंगतीला कुणी बसलं नाही. सगळे त्याला मुखबीर म्हणत, म्हणजे चुगलखोर. दिवाळीला घरी गेला तो परत आलाच नाही.

दुसऱ्या वर्षी पुसेगावाकडचं एक धनगराचं पोरगं आलं. अंगानं काटकुळं, डोळे मोठाले. त्यांच्या सात पिढ्यांत पाटीला हात लावलेला हा पहिलाच. बाप मेंढरं राखायचा आणि पोराच्या उर्दू पुस्तकाला कपाळ लावून पाया पडायचा. पोरगं हुशार. माझ्या खालच्या वर्गात असून माझी गणितं सोडवून द्यायचं, आणि वर मलाच दादा म्हणायचं.

येऊन आठवडा झाला नसेल, एका सकाळी कयाधूच्या काठावर मला तो वाळूत पडलेला सापडला. हातपाय ताठ, तोंडाला फेस, डोळे वर गेलेले. मी तिथून पळालो असतो तर बरं, पण पाय हलेनात म्हणून उभा राहिलो. थोड्या वेळानं तो शुद्धीवर आला आणि मला पाहून रडायला लागला.

"दादा, कुनाला सांगू नका. लहानपनापासून फेफरं येतंय मला. ह्यांना कळलं तर बोर्डिंगातून हाकलून देतेत."

"आणि पुन्हा आलं तर?"

"लई घाबरलो का येतं. न्हाई तर न्हाई येत."

मी शपथ घेतली. शपथ घेताना माझ्या डोळ्यांसमोर विहीरच होती.

एका मंगळवारी मोठ्या पोरांनी जाहीर केलं की येत्या शुक्रवारी धनगराच्या पोराची सलामी. दोरावर पुढं कोण, तर मी. का, तर मागच्या वर्षी सर्वांत जास्त मीच ओरडलो होतो. सगळे हसले, मीही हसलो. संध्याकाळी ते पोरगं माझ्याजवळ येऊन बसलं आणि म्हणालं, "तुमी दोर धरून राहिले म्हनतेत. मंग मला काहून भ्या वाटंल?" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकावा, हे मला सहन होईना.

त्या रात्री मी ठरवलं की सदर मुदर्रिस साहेबांना, म्हणजे हेडमास्तरांना, सांगायचं. फेफऱ्याचं नाव काढायचं नाही, विहिरीचं तेवढं सांगायचं. आता साहेबांच्या खोलीला चिकाचा, म्हणजे बांबूच्या काड्यांचा, पडदा होता आणि पडद्याबाहेर चपराशी. लेखी दरख्वास्त असल्याशिवाय तो कुणाला आत सोडत नसे, आणि दरख्वास्त उर्दूतच लागे. मला उर्दू वाचता येत होतं, पण अर्ज म्हणून आम्हाला एकच घोकून घेतलेला होता: रजेचा. 'जनाबे आली, गुजारिश है के फिदवी को बुखार आ गया है,' इथून सुरुवात आणि 'लिहाजा दो दिन की रुखसत अता फरमाई जाए' इथं शेवट. याच्याबाहेर साहेबांशी कसं बोलायचं असतं ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मी कागद घेतला, आणि हात आपोआप बुखारच लिहून गेला. खोडावं तर कागद दुसरा नाही. मग विचार केला, असू दे, अदबीची सुरुवात आहे. पुढं मी बारीक अक्षरात विहिरीचं लिहिलं: नव्या मुलाला शुक्रवारी दोरानं सोडणार आहेत, त्याची तबियत नाजूक आहे, जिवाला धोका आहे, हे थांबवावं. एवढं लिहून झालं आणि 'लिहाजा', म्हणजे 'म्हणून', आलं. लिहाजाच्या पुढं हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. मी दोन दिवसांची रजा मागितली आणि खाली सही केली.

त्या वेळी मला वाटलं की सवयीनं झालं. पुढं फार वर्षांनी मनात आलं की ती रजा मला हवीच असेल. आता खात्री कोण देणार?

बुधवारी सकाळी मी तो कागद चपराशाच्या हातात दिला. त्यानं पहिली ओळ पाहिली आणि तो रजेच्या गठ्ठ्यात घातला. दुपारपर्यंत वर्गात मी दाराकडेच पाहत होतो. साहेब बोलावतील, मोठी पोरं पाहतील, माझं अंथरूण विहिरीत जाईल. शेवटच्या तासाला चपराशी गठ्ठा घेऊन वर्गात आला आणि त्यानं रजेची नावं वाचली. माझंही वाचलं. कागदाच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'मंजूर' लिहिलेलं मला बाकावरून दिसलं. गुरुवार आणि शनिवार, मधला शुक्रवार सुट्टीचा.

शाळा सुटल्यावर मी पडद्यापाशी जाऊन उभा राहिलो. आत साहेबांच्या खोकण्याचा आवाज येत होता. चपराशी म्हणाला, "मिल गई ना रुखसत? अब काहे को खडा है?"

मी म्हणालो, "कुछ नहीं."

आणि गुरुवारी तांबडं फुटायच्या आत मी आमच्या गोरेगावच्या एका व्यापाऱ्याच्या छकड्यात बसून घरी निघून गेलो. त्या पोराला उठवलं नाही. तो माझ्याकडे तोंड करून झोपला होता. दोन दिवस मी घरी चुलीपाशी बसून राहिलो. शुक्रवारी दुपारी आईनं ताटात भाकरी वाढली आणि मला ती गिळेना. आता सोडत असतील, आता पाणी लागलं असेल, असं मी मनात मोजत होतो. तिथून धावत निघालो असतो तरी काय पोचणार होतो! पण निघावं असं मनातसुद्धा आलं नाही, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

शनिवारी संध्याकाळी परतलो तर त्याची जागा रिकामी. माझ्या वर्गातल्या एकानं मला बाजूला नेऊन सांगितलं. पाण्याला पाय लागताच त्याला फेफरं आलं. दोर हिसके खायला लागला. वरच्यांना वाटलं, सोंग करतोय. धावेवरून कुणी तरी ओरडलं, 'अजून सोडा.' फास एका काखेतून निसटला आणि त्याचं डोकं कडेच्या दगडावर आपटलं. माळ्याची बायको बोंबलत आली तेव्हा कुठं यांनी ओढून घेतलं. सरकारी दवाखान्यात त्याला माळ्याच्याच गाडीतून नेलं. चौकशीत सतराच्या सतरा पोरांनी एकच सांगायचं ठरवलं होतं: आंघोळ करताना पाय घसरला. हा हिशेब माझ्यासकट होता.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. पहिल्यांदाच मी त्या पडद्याच्या आत गेलो. माझी दरख्वास्त टेबलावर उघडी होती. साहेब म्हातारे, मवाळ. पोरांना छडी मारताना स्वतःच डोळे मिटून घेत.

"ये तुमने लिखा?"

"जी."

"मैंने पहली सतर पढी, और दस्तखत कर दी." त्यांनी बुखाराच्या त्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ऊपर से साहब तहकीकात को आ रहे हैं. मेरी दस्तखत है इस पर."

मला वाटलं, आता ते मला सगळ्यांपुढं उभं करतील आणि खरं बोलायला लावतील. पण त्यांनी तो कागद हळूच माझ्याकडे सरकवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मला सगळं कळलं. मी कागद उचलला, सलाम केला आणि बाहेर आलो. स्वयंपाक्याची चूल पेटलेलीच होती. कागद जळाला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच बसून दोन भाकऱ्या खाल्ल्या. साहेबांची मला कीव येते. माझी येत नाही, रागच येतो.

आठ-दहा दिवसांनी त्याचा बाप ट्रंक न्यायला आला. खांद्यावर घोंगडी, पायात जाडजूड वहाणा. खोलीत मी एकटाच होतो. मी ट्रंक काढून दिली, पुस्तकं बांधून दिली.

"आता कसा आहे?" मी विचारलं.

"हाये. वळखतो समद्यांना. मेंढरं वळखतो." त्यानं बांधलेल्या पुस्तकांकडे पाहिलं. "पुस्तक देलं हातात, तर उलटं धरून बसला."

मी पुस्तकांची गाठ पुन्हा आवळली.

"तूच न्हाई का तो, गोरेगावचा दादा? लई नाव घ्यायचा तुहं. समद्या बोर्डिंगात त्यो एकच मपला म्हनायचा." बापाच्या बोलण्यात राग नव्हता, संशयही नव्हता. "तू असतास तर पडू देलं नसतंस. तवा कुठं व्हतास रे लेकरा?"

इतक्या वर्षांत मी त्या प्रश्नाची शंभर उत्तरं मनात तयार केली आहेत. त्या दिवशी मात्र मला पाठ असलेलंच आलं.

"रजेवर होतो. ताप आला होता."

त्यानं ट्रंक खाली ठेवली. तळहात घोंगडीला पुसला आणि माझ्या कपाळावर ठेवला. "आता न्हाई," तो म्हणाला. "पर जप बाबा. परक्या गावात आजारी पडू न्हाई." आणि नीट खात्री होईपर्यंत त्यानं हात तसाच राहू दिला.