एका बरणीपुरतं ऊन

बायको गेल्यापासून हिवाळ्यातली रसाळ लिंबं मीच चिरतो, मीठ-साखर लावून बरणी ग्यालरीत उन्हाला ठेवतो. यंदा समोर उंच बिल्डिंग उठली. आता ऊन येतं ते एका फरशीएवढं, अन् तेही लगेच निघून जातं.

सून म्हणाली, "मामा, कुकरला शिट्ट्या काढते. आजच मऊ होईल लोणचं."

"शिट्टीनं शिजतं, पोरी. मुरायला ऊनच लागतं."

"अन् तुमच्या गुडघ्यांना काय लागतं?"

मी माझी खुर्ची मागं सावलीत ओढली अन् बरणी उन्हात सरकवली.

बायकोनं घातलेलं शेवटचं लोणचं तिच्या माघारी मुरलं, ते मी खाल्लं. हेही बहुतेक तसंच मुरेल. सुनेला मऊ फोड आवडते.