एका गाडीवर एकच माणूस

दादाने गाड्या आणल्या तेव्हा अर्धी चाळ त्या बघायला खाली उतरली होती. चार एटीव्ही. रुंद, फुगीर टायरांच्या, चार चाकांच्या बाइक. कोकणात समुद्रकिनाऱ्यावर तो पर्यटकांना त्या भाड्याने द्यायचा. किनाऱ्यावर गाड्यांना बंदी आली तशा त्या टेम्पोत घालून तो लालबागला परत आला. रस्त्यावर या गाड्या चालत नाहीत, परवानगीच नसते. पण आमच्या चाळीसमोर बंद मिलचं मागचं मैदान होतं. टॉवर उभा राहायला अजून वेळ होता आणि जागेची देखरेख करणाऱ्या ठेकेदाराला ती रिकामी बघवत नव्हती. तो दादाचा भागीदार झाला. जुने टायर रचून दोघांनी गोल ट्रॅक आखला.

मी परळला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. रविवारी सुट्टी असायची, म्हणून ट्रॅकच्या फाटकावर बसून मी हेल्मेटं वाटायचे.

दादाचे नियम फार नव्हते, पण ते तो प्रत्येकाला ओरडून सांगायचा. एका गाडीवर एकच माणूस. हनुवटीखाली पट्टा लागल्याशिवाय चावी मिळणार नाही. पायात बूट हवेत. मनगटाला दोरी हवी, म्हणजे माणूस पडला की दोरी खेचली जाऊन इंजिन बंद पडतं. आणि मैदानाच्या टोकाला पाडकामाचा ढिगारा होता, त्यावर चढायचं नाही. किनाऱ्यावर एका माणसाची मान मोडलेली त्याने पाहिली होती. आईसमोर तो हे कधी बोलला नाही. मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना स्वतःची मान चोळत होता.

दोऱ्या ठेकेदाराने काढून टाकल्या. वळताना दोरी सुटते, गाडी मध्येच बंद पडते, लोक कुरकुर करतात, असं त्याचं म्हणणं. दादाने त्या परत लावल्या. ठेकेदाराने परत काढल्या. "तू नियम सांगत बस, तोवर गिऱ्हाईक घरी जाईल," तो म्हणायचा.

त्या रविवारी एक जोडपं आलं. नवरा तिशीतला, कडक इस्त्रीचा शर्ट. बायको शांत, सलवार-कमीज, माझ्याकडून हेल्मेट घेऊन तिने स्वतःच पट्टा लावला. नवऱ्याने त्याचं हेल्मेट हँडलला अडकवलं आणि तिला मागे बसवलं. दादाने त्यांना उतरवलं. ती दोघं पुन्हा बसली. दादाने पुन्हा उतरवलं.

"लग्नाची बायको आहे माझी. तुला काय त्रास होतोय?"

"बायको तुमचीच राहू दे, साहेब. गाडी वेगळी घ्या."

तेवढ्यात पलीकडे एक गाडी तापून बंद पडली म्हणून दादा पाण्याचा कॅन घेऊन तिकडे गेला. ठेकेदाराने नवऱ्याला चावी दिली आणि हात हलवला. जा, जा.

मी फाटकावरून हाक मारली. इंजिनच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार? नवऱ्याने एक फेरी मारली, दुसऱ्या फेरीला टायरांची रांग ओलांडली आणि गाडी सरळ ढिगाऱ्यावर चढवली. मागे दुसऱ्या माणसाचं वजन होतं. पुढची चाकं उचलली गेली, गाडी क्षणभर उभी राहिली आणि उलटी मागे आली. तो बाजूला फेकला गेला. ती खाली राहिली.

इंजिन चालू होतं. मागचं चाक तिच्या मांडीवर फिरत होतं. आधी कापड फाटलं, मग त्याखालचं. असं ओरडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. दादा कॅन टाकून धावला. चावी बंद करायला त्याने हात घातला तो गरम सायलेन्सरवर पडला. हात तसाच ठेवून त्याने दुसऱ्या हाताने चावी फिरवली. मग खांदा लावून ती गाडी एकट्याने उचलली. तळहात सोडवला तेव्हा कातडी तिथेच चिकटून राहिली.

मी ओढणीने तिची मांडी आवळून धरली. रक्त ओढणीतून माझ्या बोटांवर येत होतं. नवरा उठला. त्याच्या कानाजवळ खरचटलं होतं. तो बायकोजवळ आला नाही. दादाकडे बोट करून ओरडला, "ह्याने मारली तिला! ह्यानेच गाडी दिली!"

मैदानाची भिंत ठेंगणी होती. चाळीच्या गॅलऱ्यांतून सगळ्यांना ती बाई आणि रक्त दिसत होतं. कोण आधी काय म्हणालं हे तिथून कुणाला कळणार? माणसं भिंतीवरून उड्या मारून आली. सगळ्यांत पुढे आमच्या शेजारच्या खोलीतले काका होते. लहानपणापासून आमची दिवाळीची ताटं त्यांच्याकडे जायची, त्यांची आमच्याकडे यायची. त्यांनी पडलेलं हेल्मेट उचललं आणि दादाच्या तोंडावर हाणलं.

मग सगळेच तुटून पडले. लाथा, बुक्क्या, ट्रॅकचे टायर. दादा खाली पडला तरी थांबेनात. एक जण त्याच्या भाजलेल्या हातावर उभा होता. उभा आहे हे त्याला माहीतही नसेल. तोवर दोन बायकांनी त्या बाईला धरलं होतं. मी दादाच्या अंगावर आडवी पडले. कुणीतरी माझी वेणी धरून मला मागे ओढलं, मी परत पडले. एक गुडघा माझ्या तोंडावर बसला. पुढचा दात तुटून जिभेवर आला तो मी गिळला की थुंकला, आजही आठवत नाही. दादा खालून म्हणत होता, "तिला गाडीत घाला. आधी तिला गाडीत घाला."

आई वडे तळत होती. ती तशीच आली. हातात झारा, त्यातून तेल ठिबकत होतं.

"मेल्यांनू, माझ्या झिलाक मारतास कित्याक?"

पहिला झारा तिने एकाच्या दंडावर मारला. चर्र आवाज झाला. दुसरा काकांच्या पाठीवर बसला. शर्टावर तेलाचा पट्टा उमटला आणि काका कळवळून मागे सरले. गर्दी फाकली ती तेव्हा. कुणीतरी टॅक्सी बोलावली होती. आधी ती बाई गेली, मग दादा. ठेकेदाराची स्कूटर जागेवर नव्हती.

दादाच्या फासळ्या मोडल्या होत्या आणि जबडा सरकला होता. हॉस्पिटलात त्याच्या खाटेशेजारी हवालदार बसवलेला. बाईचा जबाब झाला की अटक, असं सांगितलं गेलं. दोन-तीन दिवसांनी मी बायकांच्या वॉर्डात गेले. कशासाठी, ते माझं मलाच नीट माहीत नव्हतं. ती जिवंत आहे हे डोळ्यांनी बघायचं होतं, एवढंच.

ती जिवंत होती. कमरेचं हाड मोडलं होतं, मांडी पट्ट्यांत गुंडाळलेली. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहायची, एका सरकारी ऑफिसात नोकरीला होती. नवरा स्टुलावर बसला होता. मला बघताच उठला.

"तुझ्या भावाला सोडत नाही मी. आत घालतो."

ती उशीवरून म्हणाली, "त्यांनी नाही म्हटलं होतं."

"तू गप्प बस."

"दोनदा उतरवलं आपल्याला."

त्याने तिचं मनगट धरलं. तिथे सलाइनची सुई होती. चेहऱ्यावर काहीही न दाखवता त्याने मनगट पिरगळलं. नळीत रक्त वर चढायला लागलं. "तुला आठवत नाही," तो हळू आवाजात म्हणाला, "डोक्यावर आपटली आहेस तू." ती ओरडली नाही. गाडीखाली इतकी ओरडलेली बाई इथे ओठ आत घेऊन पडून होती. ही तिची पहिली वेळ नाही, हे मला तिथेच कळलं.

मी त्याची करंगळी धरली आणि मागे वाकवली. ती मोडली तरी मला चालणार होतं. त्याने सोडलं आणि मला ढकललं, मी शेजारच्या खाटेच्या लोखंडी कठड्यावर आपटले. सिस्टर धावत आली. तिने नळी बघितली, मनगट बघितलं आणि त्याला कॉलरला धरून वॉर्डाबाहेर काढलं. हवालदाराला तिनेच वर बोलावलं. तो जबाब घेत असताना मी दाराशी उभी होते.

"गाडीवाल्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "माझा नवरा ऐकत नाही. घरीही नाही."

गुन्हा नवऱ्यावर आणि ठेकेदारावर दाखल झाला. दादावरही राहिलाच, परवानगी न घेता गाड्या चालवल्याचा. ते खोटं नव्हतं.

दादा घरी आला तेव्हा चाळीच्या मंडळाच्या खोलीत बैठक झाली. जबड्याला पट्टी, उजवा हात गुंडाळलेला, तो भिंतीला टेकून उभा राहिला. बसायला त्रास व्हायचा. काही जण म्हणाले, बंद करा हा धंदा. काही म्हणाले, चालू दे, पण आता आम्ही सांगू तसा. पोलीस ठाण्यातले एक साहेब आले होते. त्यांनी सांगितलं, आधी परवानगी, सगळीकडून कुंपण, लहान वयाच्या कुणालाही गाडी नाही, प्रथमोपचाराची पेटी जागेवर हवी. चाळीच्या बायका म्हणाल्या, दुपारी आणि परीक्षेच्या दिवसांत आवाज नको. ढिगारा काढून जमीन सपाट करायचं ठरलं. दोऱ्या पुन्हा लागणार होत्या, आणि कुणी काढल्या तर त्या दिवशी ट्रॅक बंद.

दादा पट्टीतून, दात आवळून बोलला. "नियम आता तुमचेपण आहेत. कुणी मोडला तर मला मारायला येऊ नका. मोडणाऱ्याला बाहेर काढायला या."

काका खाली बघत होते. त्यांनी माफी मागितली नाही आणि झाऱ्याबद्दल आईनेही मागितली नाही. त्या वर्षी दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे गेलं नाही.

सगळ्या परवानग्या मिळाल्यावर ट्रॅक परत सुरू झाला. ठेकेदाराला जागेच्या मालकांनी काढलं होतं. लोक कुरकुरायचे, पण पट्टा लावायचे. दोघं बसायला बघणाऱ्यांना मी फाटकातच थांबवायचे. पुढच्या गणपतीपर्यंत कुणाला ओरखडाही आला नाही.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी व्यायामशाळेचा एक पहिलवान पोरं घेऊन आला. सगळ्यांनी एकसारखे सदरे घातलेले, कपाळावर गुलाल.

"चारही गाड्या दे. मिरवणुकीत पुढे चालवायच्या. एकेकावर तिघं उभे राहतील, हातात झेंडे."

"रस्त्यावर नाही," दादा म्हणाला. "आणि एवढ्या गर्दीत तर नाहीच. खाली बाया-माणसं असतात."

"बाप्पाला नाही म्हणतोस?"

"तुला नाही म्हणतोय."

पहिलवानाने कानाखाली मारली. दादाच्या आधी सरकलेल्या जबड्यावरच बसली, तो गुडघ्यावर आला. पोरं गाड्या ढकलत फाटकाकडे आणायला लागली. मी फाटक ओढून साखळी अडकवली आणि तिला लोंबकळले. एकाने झेंड्याच्या काठीने माझ्या बोटांवर मारलं. सोडलं नाही. पुन्हा मारलं. नखाखालून रक्त आलं. वर गॅलऱ्यांत माणसं उभी होती. तीच माणसं, आणि या वेळी भिंतीवरून कुणी उडी मारत नव्हतं.

मग जिन्यावरून काका उतरले. हातात कपडे वाळत घालायची लांब काठी. माझ्याशेजारी उभे राहिले आणि मला मारणाऱ्या पोराच्या नडगीवर त्यांनी ती जोरात हाणली. दुसऱ्याने त्यांच्या डोक्यात वीट घातली. ते फाटकाला टेकून हळूहळू खाली बसले. रक्त भुवईवरून सदऱ्यावर येत होतं, तरी काठी हातातच होती.

तोवर दादा अवजारांच्या पेटीपर्यंत सरपटत गेला होता. रबर कापायची सुरी घेऊन तो पहिल्या गाडीकडे आला. पहिलवानाला वाटलं, तो त्याच्यावरच येतोय. तो दोन पावलं मागे सरला. दादाने सुरी टायरच्या बाजूत घुसवली आणि खाली ओढली. हवा किंचाळत बाहेर आली. दुसरा टायर. तिसरा. पहिलवानाने त्याच्या पाठीत लाथ घातली, दादा आडवा झाला आणि पडल्या जागेवरून त्याने चौथा फाडला. पुढच्या गाडीकडे रांगत गेला. ज्या हाताची कातडी गेली होती त्याच हातात सुरी होती. ती मूठ घट्ट वळत नव्हती, म्हणून पातं मध्येच त्याच्या बोटांत शिरत होतं.

"अरे, येडा झालाय हा," पोरांतला एक जण म्हणाला.

चारही गाड्या जमिनीला टेकल्या. त्या ढकलून कुठेच जाणार नव्हत्या. पहिलवान थुंकला, दादाच्या बरगडीत शेवटची एक लाथ घातली आणि ते सगळे माझ्याच फाटकातून बाहेर गेले. साखळी मीच काढून दिली.

आईने काकांना हात धरून आमच्या मोरीत आणलं, डोकं धुतलं, हळद दाबली. "बस थयसर," एवढंच म्हणाली. ते बसले. थोड्या वेळाने उठून घरी गेले.

दादाने टायर परत बसवले नाहीत. टॉवरचं काम सुरू झालं, मैदानाला पत्रे लागले. आता तो दादरला एका गॅरेजात आहे. त्या अपघाताचा खटला चालू आहे, दादा त्यात साक्षीदार आहे. मागच्या तारखेला ती बाई आली होती, काठी टेकत, तिच्या आईबरोबर. अँटॉप हिलचं घर तिने सोडलं होतं. नवरा समोरच्या बाकावर होता. तिच्याजवळून जाताना तो काहीतरी पुटपुटला. दादा उठायला लागला, तिने हातानेच त्याला बसायला सांगितलं.

आत नवऱ्याच्या वकिलाने दादाला विचारलं, "हे नियम कुठे लावले होते? फळा होता? बोर्ड होता?"

"नव्हता," दादा म्हणाला. "तोंडी सांगितले होते."

"कुणी ऐकल्याचा पुरावा?"

तिच्या साक्षीची वेळ आली तेव्हा ती पिंजऱ्याचा कठडा धरून उभी राहिली. बसूनही सांगता येईल, असं न्यायाधीशांनी सुचवलं. ती उभीच राहिली आणि तिने दादाचे नियम सांगायला सुरुवात केली, पहिल्यापासून.